म्युझियम्स अँड द वेब: ही परिषद घरबसल्या कशी वापरायची, आणि जायचंच ठरलं तर काय तयारी करायची

संग्रहालय ऑनलाइन आणायचं म्हटलं की आपल्याकडे पहिली गोष्ट काय होते, तर कोटेशन मागवलं जातं. मग वेबसाइट बनवणारा येतो, होमपेजवर फिरते फोटो, संचालकांचं मनोगत, ‘आमच्याविषयी’, वेळ, तिकीट, संपर्क, आणि झालं काम. संग्रह कुठाय? तो रजिस्टरमध्येच. म्हणजे ज्याच्यासाठी संग्रहालय आहे तेच साइटवर नाही. आणि हा प्रश्न काही आपल्या एकट्याचा नाहीये, जगभरातली म्युझियमवाली माणसं १९९७ पासून दरवर्षी एकत्र बसून नेमकं यावरच बोलत आलीत, नुसती बोलत नाहीत तर आधी सविस्तर लिहून मग बोलतात, आणि ते लिहिलेलं सगळं फुकट वाचता येतं. मला तर वाटतं म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, शिकणाऱ्या प्रत्येकाने कोर्स संपायच्या आत या खजिन्यात एकदा तरी मनसोक्त फिरून यावं. तिथे शिरायचं कसं, शोधायचं काय, वाचायचं कसं, आणि आपल्या छोट्या संग्रहालयाला त्यातून काय घ्यायचं, हे पायरी पायरीने लिहितेय. लांबलचक होणार आहे, सेव्ह करून ठेवा.

आधी थोडी ओळख

परिषदेचं नाव म्युझियम्स अँड द वेब. डेव्हिड बेअरमन आणि जेनिफर ट्रँट या दोघांनी त्यांच्या आर्काइव्ह्ज अँड म्युझियम इन्फर्मॅटिक्स या संस्थेमार्फत ती सुरू केली, पहिली १९९७ मध्ये लॉस एंजेलिसला झाली. तेव्हा वेब म्हणजे काय हेच बहुतेकांना नीट माहीत नव्हतं, हे लक्षात घ्या. त्यानंतर दर वसंतात उत्तर अमेरिकेतलं एक शहर: टोरांटो, न्यू ऑर्लिन्स, सिएटल, बॉस्टन, व्हँकुव्हर, मॉन्ट्रिऑल, इंडियानापोलिस, बाल्टिमोर, शिकागो असं करत करत ती फिरली. पुढे नॅन्सी प्रॉक्टर आणि रिच चेरी यांनी ती सांभाळली, नाव बदलून म्यूजवेब झालं, मधे हाँगकाँग आणि मेलबर्नला आशियासाठी वेगळ्या परिषदाही झाल्या, आणि २०२० ची लॉस एंजेलिसला होणार होती ती कोरोनामुळे ऑनलाइन करावी लागली.

हिचं वेगळेपण एकच आणि ते फार मोठं आहे. बहुतेक परिषदांमध्ये माणूस स्लाइड घेऊन येतो, वीस मिनिटं बोलतो, टाळ्या, चहा, संपलं. इथे मुख्य सत्रांसाठी आधी पूर्ण पेपर लिहून द्यावा लागायचा, तो परिषदेच्या आधीच वेबवर टाकला जायचा, आणि मग तिकडे जाऊन बोलायचं. त्यामुळे आज दोन दशकांहून जास्त काळाचं लिखाण ओळीने लागून आहे. काय केलं, कुठे अडलं, लोकांनी ते वापरलं की नाही, सगळं त्या काळातल्या माणसांच्या हातचं.

पायरी १: आधी प्रश्न लिहा, मग साइट उघडा

हे टाळू नका. प्रश्न न घेता गेलात तर तीन तास नुसती शीर्षकं वाचण्यात जातील. एका कागदावर आपल्या संग्रहालयाचा एकच प्रश्न लिहा, आणि तो ‘आमचं म्युझियम डिजिटल कसं करावं’ असा ढोबळ नको. असा हवा: रजिस्टरमध्ये वर्णन अर्धवट आहे तरी वस्तू ऑनलाइन टाकाव्यात का? साइटवर येणारी माणसं नक्की कशाला येतात? फोटो मोठ्या आकारात फुकट दिले तर आपलं काय जातं? शाळेची मुलं आली की त्यांना पुढे घरून बघता येईल असं काय देता येईल? यातला जो प्रश्न तुमच्या ट्रस्टींच्या मीटिंगमध्ये सारखा येतो तोच निवडा, कारण उत्तर मिळालं की ते लगेच कामाला येईल.

पायरी २: पेपर शोधायचे कुठे

सुरुवातीच्या वर्षांचे पेपर आर्किम्यूज डॉट कॉमवर आहेत, नंतरचे म्युझियम्स अँड द वेबच्या स्वतःच्या साइटवर, तिथे दर वर्षाचा वेगळा पत्ता असतो. काही लिंक तुटलेल्या निघतील, पानं जुनी आहेत. अशा वेळी लिंक कॉपी करून इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (जुन्या वेबपानांच्या प्रती जपणारी साइट) टाका, बऱ्याचदा जुनं पान तिथे जसंच्या तसं सापडतं.

साइटवरच्या सर्चपेक्षा गुगलमध्ये साइटचा पत्ता घालून शोधणं जास्त बरं. शब्द अर्थातच इंग्रजीत टाकावे लागतील, पण ते म्युझियमवाल्यांचे शब्द हवेत: कलेक्शन ऑनलाइन, टॅगिंग (वस्तूला शब्द जोडणं), इव्हॅल्युएशन (मूल्यमापन), युझेबिलिटी (वापरायला सोपं आहे का), मल्टिलिंग्वल, स्मॉल म्युझियम, ओपन अॅक्सेस (सगळ्यांना खुलं). त्यातही इव्हॅल्युएशन हा शब्द नेहमी जोडीला ठेवा, म्हणजे नुसतं ‘आम्ही हे बनवलं’ सांगणारे पेपर गळतात आणि बनवल्यावर काय झालं हे सांगणारे वर येतात.

इंग्रजी जड जात असेल तर भाषांतर टूल लावून वाचा, काही हरकत नाही. लिखाण प्रत्यक्ष काम करणाऱ्या लोकांचं आहे, फार बोजड नसतं.

पायरी ३: एक पेपर नीट कसा वाचायचा

वरून खाली सरळ वाचत जाऊ नका. पहिला परिच्छेद वाचा, मग थेट शेवटाकडे, जिथे निकाल आणि पुढे काय करणार ते लिहिलेलं असतं. तिथे काही दम वाटला तरच मधला भाग.

मग या गोष्टी बघा. लिहिणारी माणसं म्युझियममधली आहेत की सॉफ्टवेअर कंपनीतली? दोन्ही चालतात पण कंपनीचा पेपर असेल तर वापराचे आकडे जरा तपासून बघा. पैसा कुठून आला? हे आभाराच्या ओळीत सापडतं आणि फार महत्त्वाचं असतं, उदाहरणार्थ न्यूयॉर्कच्या कूपर ह्यूइट म्युझियमचं प्रसिद्ध पेन (ते काय ते पुढे येईल) किंवा ब्रुकलिन म्युझियमचं आस्क हे अॅप, दोन्हीच्या मागे ब्लूमबर्ग फिलँथ्रोपीज या दानसंस्थेचा पैसा होता. तो आपल्याकडे नाही, तेव्हा त्यातली कल्पना घ्यायची, मशीन नाही. टीम किती जणांची होती? आणि शेवटचं, मला सगळ्यात आवडणारं काम: त्या पेपरमध्ये दिलेली लिंक आज उघडते का ते बघा. दहा-पंधरा वर्षांपूर्वी बक्षीस मिळालेल्या कितीतरी साइट आज बंद आहेत. जे टिकलं ते का टिकलं, हे दोन-तीन उदाहरणांवर स्वतः शोधून बघाल तर जे कळेल ते कुठल्या वर्कशॉपमध्ये मिळणार नाही. साधारण दिसतं ते असं, की वस्तूंच्या नोंदी आणि फोटो टिकतात, त्याच्यावर चढवलेली चमकदार अॅप आणि गेम जातात.

पायरी ४: सुरुवात या चार विषयांपासून करा

यादी मोठी करता येईल पण सुरुवातीला एवढं पुरे, आणि हे चारही आपल्याला थेट उपयोगी आहेत.

पहिला, सिडनीचं पॉवरहाउस म्युझियम. २००६ मध्ये त्यांनी आपला संग्रह मोठ्या प्रमाणावर वेबवर टाकला, साठ हजारांहून जास्त वस्तू, आणि सगळ्या नोंदी परिपूर्ण होईपर्यंत थांबले नाहीत. सेबॅस्टियन चान यांनी २००७ च्या परिषदेत त्यावर लिहिलं. गंमत अशी की लोक काय शोधतात आणि शोधून कुठल्या वस्तूवर जातात हे सिस्टिम लक्षात ठेवायची आणि पुढच्या माणसाला त्यावरून सुचवायची, आणि लोकांना स्वतःचे शब्दही वस्तूला जोडता यायचे. ‘आधी सगळं कॅटलॉगिंग पूर्ण करू मग ऑनलाइन जाऊ’ हे वाक्य ज्या ज्या संग्रहालयात ऐकू येतं तिथे हा पेपर प्रिंट काढून टेबलावर ठेवावा. पूर्ण कधीच होत नसतं. रजिस्टर पूर्ण व्हायची वाट बघत एक अख्खी पिढी रिटायर होते आणि वस्तू कपाटातच राहतात, हे दुखतं हो.

दुसरा, स्टीव्ह नावाचा प्रकल्प. अमेरिकेतल्या काही कला संग्रहालयांनी मिळून केला, जेनिफर ट्रँट त्यात होत्या, आणि त्याचे पेपर या परिषदेत बरीच वर्षं येत राहिले. सामान्य लोकांना चित्रं दाखवायची आणि जे दिसतं ते शब्द लिहायला सांगायचे, एवढंच. निष्कर्ष मात्र मोठा होता: लोकांनी दिलेले बहुतेक शब्द म्युझियमच्या नोंदीत नव्हतेच. म्युझियम लिहितं काळ, शैली, कलाकार, माध्यम. माणूस लिहितो ‘लाल साडी’, ‘रडणारं मूल’, ‘बोट’. आणि शोधताना माणूस त्याचेच शब्द टाकणार ना. आता हे आपल्याकडे आणा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारखा रोजच्या वापरातल्या वस्तूंचा संग्रह डोळ्यासमोर आणा, तिथले दिवे, अडकित्ते, वाद्यं. रजिस्टर जर इंग्रजीत ब्रास, नाइन्टीन्थ सेंच्युरी असं असेल, तर मोबाइलवर ‘जुना अडकित्ता’ टाइप करणाऱ्या माणसापर्यंत ती वस्तू पोचणारच नाही. म्हणून नोंदीत लोकांचे शब्द घालायची जागा पहिल्या दिवसापासून ठेवायची, ती कशी ते खाली सांगते.

तिसरा, अॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमचा राइक्सस्टुडिओ. मुख्य इमारत दहा वर्षं दुरुस्तीसाठी बहुतांश बंद होती, एप्रिल २०१३ मध्ये उघडली, आणि त्याच्या आधी २०१२ मध्ये त्यांनी सव्वा लाख कलाकृतींचे मोठे, स्पष्ट फोटो वेबवर सगळ्यांना खुले केले. डाउनलोड करा, कापा, जोडा, कपड्यावर छापा, काय हवं ते करा. पीटर गोर्गेल्स यांनी २०१३ च्या पोर्टलंडच्या परिषदेत यावर लिहिलंय आणि त्याच वर्षी राइक्सस्टुडिओला तिथलं बेस्ट ऑफ द वेबचं बक्षीसही मिळालं. पेपरमधला डिझाइनचा भाग जरूर वाचा, मजकूर मागे आणि चित्र पुढे, पूर्ण स्क्रीनभर. पुढे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ मध्ये पावणेचार लाख फोटो खुले केले, क्लीव्हलंडच्या कला संग्रहालयाने २०१९ मध्ये, अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-समूहाने २०२० मध्ये २८ लाख. फोटो खुले केले म्हणून यातलं एकही म्युझियम ओस पडलं नाही. ‘फोटो दिले तर लोक येणार नाहीत’ असं कुणी म्हणालं की ही उदाहरणं समोर ठेवा.

चौथा, वर म्हटलं ते कूपर ह्यूइट, न्यूयॉर्कमधलं स्मिथसोनियनचं डिझाइन म्युझियम. डिसेंबर २०१४ मध्ये ते नूतनीकरणानंतर उघडलं, आणि २०१५ पासून येणाऱ्या प्रत्येकाला एक पेन मिळायला लागलं, वस्तूच्या पाटीला टेकवलं की ती वस्तू आपल्या खात्यात, आणि घरी जाऊन तिकिटावरच्या पत्त्यावर सगळं बघता यायचं. सगळे पेनबद्दल बोलतात. पण सेबॅस्टियन चान आणि अॅरन कोप यांचा २०१५ च्या शिकागो परिषदेतला पेपर वाचलात तर कळेल की खरं काम पेनच्या मागे आहे: प्रत्येक वस्तूला वेबवर स्वतःचा एक कायमचा पत्ता, म्हणजे न बदलणारी लिंक, फोटो असो नसो, नोंद दोन ओळींची का असेना. तो पाया होता म्हणून पेन चाललं. पेन आपल्याला परवडणार नाही, कायमचा पत्ता मात्र तालुक्याच्या संग्रहालयालाही परवडतो.

हे चार झाले की इंडियानापोलिस म्युझियम ऑफ आर्टच्या टीमचा २०१२ चा पेपर घ्या, साइटवर येणारे लोक कशासाठी येतात हे त्यांनी साइटवरच छोटा प्रश्न विचारून तपासलं. भेटीची तयारी करणारे, कामासाठी विशिष्ट माहिती शोधणारे, स्वतःच्या आवडीपोटी ती शोधणारे आणि सहज चाळणारे असे गट निघाले, आणि प्रत्येक गट साइटवर वेगळा वागतो. आपल्या साइटवर वेळ, सुट्टीचा वार, तिकीट आणि रस्ता हे फोनवर पहिल्याच स्क्रीनला दिसत नसेल तर बाकी काहीही करायच्या आधी ते करा.

पायरी ५: वाचलेलं आपल्याकडे लावायचं कसं

इथेच बहुतेक गाडी थांबते म्हणून जरा सविस्तर.

५० वस्तू निवडा. सर्वोत्तम ५० नकोत, मिश्र निवडा, काही नामांकित, काही कपाटातल्या, काही अशा की ज्यांच्याबद्दल तुमच्याकडे एकच ओळ आहे. एक साधी स्प्रेडशीट करा आणि त्यात रकाने असे: नोंदणी क्रमांक, मराठी नाव, लोक आणखी काय म्हणतात, इंग्रजी नाव, कशाची बनलीय, मापं सेंटिमीटरमध्ये, कुठून आली, अंदाजे काळ, फोटो फाइलचं नाव, फोटोचे हक्क, नोंद कुणी आणि कधी केली. ‘लोक आणखी काय म्हणतात’ हा रकाना म्हणजे स्टीव्ह प्रकल्पाचा धडा. तो भरायला गॅलरीतले अटेंडंट, दुपारी येणारे आजी-आजोबा, शाळेच्या बाई यांना वस्तू दाखवा आणि विचारा, तुमच्याकडे याला काय म्हणायचे? कोकणातलं नाव वेगळं येईल, खानदेशातलं वेगळं, विदर्भातलं वेगळं. सगळी लिहा, स्वल्पविराम देऊन, यातलं बरोबर कुठलं हे ठरवत बसू नका.

आता मराठीच्या खास अडचणी, ज्या त्या पेपरांमध्ये सापडणार नाहीत. तुमच्या जुन्या नोंदी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये (सगळीकडे सारखी चालणारी अक्षरपद्धत) बदलून घ्या, नाहीतर वेबवर त्या वाचताही येणार नाहीत आणि शोधताही. बदलल्यावर माणसाने एकदा वाचायचंच, जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. नोंदणी क्रमांक एकाच लिपीत ठेवा, अर्धे देवनागरी अर्धे रोमन आकड्यांत असतील तर सर्चला तीच वस्तू सापडत नाही. आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लोक करणारच, तेव्हा साइट बनवणाऱ्याला पहिल्याच मीटिंगमध्ये विचारा की ‘मुर्ती’ टाकलं तर ‘मूर्ती’ सापडेल का. नाही म्हणाला तर ‘आणखी काय म्हणतात’ रकान्यात चुकीची स्पेलिंगसुद्धा घालून ठेवा, पानावर दाखवायची नाहीत, फक्त शोधासाठी.

फोटो: खिडकीचा मऊ उजेड, मागे साधा राखाडी कागद, शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी असलेला एक फोटो आणि त्यांच्याशिवाय एक. मूळ फाइल मोठी ठेवा, लांब बाजू ३००० पिक्सेल तरी, वेबसाठी लहान कॉपी नंतर कधीही करता येते, उलटं होत नाही. फाइलच्या नावात नोंदणी क्रमांक हवाच. दोन वेगळ्या जागी बॅकअप, त्यातली एक इमारतीबाहेर.

हक्कांचं आधी मिटवा. भारतात साधारणपणे लेखक-कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, फोटोग्राफचा प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. म्हणजे पेशवाईतल्या समईला काही अडचण नाही पण १९८० च्या चित्राला आहे. आणि फोटो काढायला बाहेरचा फोटोग्राफर बोलावला तर फोटो कुठे, कसे वापरणार हे त्याच्याशी लेखी करून घ्या. मग तुम्ही काय देताय ते पानावर स्पष्ट लिहा, एका ओळीत, ‘हा फोटो कुणीही कशासाठीही वापरू शकतो’ किंवा जे असेल ते. मोघम ठेवलं की चांगली माणसं वापरत नाहीत आणि बाकीचे विचारत नाहीत.

वेबवर काय टाकायचं नाही तेही ठरवा: वस्तू कुठल्या कपाटात आहे, विम्याची किंमत, देणगीदाराचं नाव त्यांची परवानगी नसेल तर.

सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. आणि ते निवडताना घराजवळचं आधी बघा, पुण्याच्या सी-डॅकने जतन नावाची प्रणाली खास संग्रहालयांसाठी केलीय, केंद्राच्या म्युझियम्स ऑफ इंडिया पोर्टलवरचे राष्ट्रीय संग्रहालयांचे संग्रह त्यावरच आलेत. ती तुम्हाला मिळते का, कुठल्या अटींवर, हे विचारून घ्या. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय गुगल आर्ट्स अँड कल्चरवर आहेत, तो पर्यायही आहे, पण तिथे असलं तरी स्वतःच्या स्प्रेडशीटची मालकी आणि ताजी प्रत आपल्याचकडे हवी. हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. साइट बनवणारा बदलतो, पोर्टल बदलतं, डेटा आपला राहिला पाहिजे.

५० वस्तू वर गेल्या की पाच माणसं बोलवा, ज्यांनी साइट कधीच बघितलेली नाही. फोन हातात द्या आणि सांगा, ‘एक जुना दिवा शोधून दाखवा’, ‘सोमवारी उघडं आहे का बघा’. तुम्ही गप्प बसा. अजिबात मदत करायची नाही, बोट दाखवायचं नाही. कुठे अडले ते लिहा. दुरुस्त करा. मग पुढच्या २०० वस्तू.

पायरी ६: प्रत्यक्ष जायचं असेल तर

पुढची परिषद होणार आहे का, कधी, कुठे, प्रत्यक्ष की ऑनलाइन हे अधिकृत साइटवर बघूनच तिकिटाचा विचार करा. वेळापत्रकाची रीत मात्र वर्षानुवर्षं अशी राहिलीय: परिषद वसंतात, साधारण एप्रिलच्या आसपास, आणि प्रस्ताव पाठवायची मुदत त्याच्या आधीच्या शरदात, सप्टेंबरअखेर वगैरे. पेपर लिहून द्यायचा तो जानेवारीच्या शेवटाला. म्हणजे गणपतीत प्रस्ताव, दिवाळीनंतर लिखाण, संक्रांत झाली की पेपर, असं डोक्यात ठेवा. अमेरिकेच्या व्हिसाच्या अपॉइंटमेंटला मुंबईत बराच काळ लागू शकतो, त्यामुळे प्रस्ताव मंजूर झाल्याचं पत्र आलं की त्याच आठवड्यात अर्ज.

पैशाचं म्हणाल तर नोंदणी फी वेगळी, आदल्या दिवशीच्या वर्कशॉपची बहुतेक वेळा वेगळी, हॉटेल वेगळं. शिष्यवृत्ती किंवा स्वयंसेवक म्हणून सवलत आहे का ते ईमेल करून विचारा, लाजायचं काही कारण नाही. दोघांनी अर्धवट तयारीनं जाण्यापेक्षा एकाने नीट तयारी करून जावं असं माझं मत.

ऑनलाइन असेल तर घड्याळ बघा. एप्रिलमध्ये न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, लॉस एंजेलिस साडेबारा. म्हणजे त्यांची सकाळी १० ची सत्रं आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला किंवा रात्री साडेदहाला. पूर्वेकडची वेळ आरामात जमते, पश्चिमेकडची असेल तर दुसऱ्या दिवशी रजा टाका.

तिथे काय बघायचं? पेपर तर घरीही वाचता येतात, म्हणून जे घरी मिळत नाही तिकडे वेळ द्या. क्रिट रूम म्हणून एक सत्र असायचं, म्युझियमवाले स्वतःहून आपली साइट पुढे करतात आणि जाणकार मंडळी सगळ्यांसमोर तिची चिरफाड करतात. ते बघणं म्हणजे शिक्षण आहे, आणि हिंमत असेल तर आपली साइट द्या. डेमो असतात, तिथे बनवणारी व्यक्तीच टेबलामागे उभी असते. सकाळच्या नाश्त्याला विषयवार टेबलं लागतात, तिथे छोट्या संग्रहालयांचं किंवा बहुभाषिक साइटचं टेबल शोधून बसा. आणि भेटेल त्याला हे विचारा: हे आता कोण सांभाळतं? आठवड्याला किती तास जातात? यातलं काय बंद केलंत आणि का? या प्रश्नांची उत्तरं पेपरात क्वचितच लिहिलेली असतात पण समोरासमोर लोक अगदी मोकळेपणाने सांगतात.

पायरी ७: स्वतःचा प्रस्ताव

आपल्याकडे काय आहे सांगण्यासारखं, असं वाटत असेल तर तो विचार सोडा. दोन-तीन भाषांमधले वाचक, जुन्या फॉन्टमधल्या नोंदी, फोनवरच इंटरनेट बघणारे बहुसंख्य लोक, अगदी तुटपुंजा स्टाफ, ही परिस्थिती मोठ्या श्रीमंत म्युझियमच्या माणसांनी कधी हाताळलेली नसते. तीच तुमची जागा.

प्रस्तावात प्रश्न काय होता, काय केलं, कुणासाठी, कसं मोजलं, काय निघालं, आणि दुसऱ्या म्युझियमने यातून काय उचलावं, एवढं पाहिजे. ‘आमच्या संग्रहालयाची स्थापना’ पासून सुरुवात करू नका. मोजलेलं काहीतरी हवंच, अगदी पाच माणसांची चाचणी आणि सर्चमध्ये टाइप झालेल्या शब्दांची यादी असली तरी चालते, फक्त प्रामाणिक हवी. जे चाललं नाही ते लपवू नका, तपासणारी मंडळी याच कामातली असतात, त्यांना ते लगेच दिसतं. आणि साधी छोटी वाक्यं लिहा, इंग्रजी अलंकारिक करायच्या नादात मुद्दा हरवतो. पाठवायच्या आधी म्युझियमबाहेरच्या एका माणसाला वाचायला द्या आणि काय समजलं ते तोंडी सांगायला लावा.

प्रकल्प पूर्ण असेल तर बक्षिसांसाठीही नाव देता येतं, पूर्वी ती बेस्ट ऑफ द वेब म्हणून होती, पुढे ग्लॅमी नावाने द्यायला लागले. जुन्या विजेत्यांची यादी नुसती चाळली तरी त्या त्या वर्षी या लोकांना कशाचं कौतुक वाटत होतं ते कळतं.

आणि परत आल्यावर, किंवा ऑनलाइन सत्रं संपल्यावर, आठवडाभराच्या आत मराठीत चार पानी टिपण लिहा आणि जिल्ह्यातल्या बाकीच्या संग्रहालयांना, म्युझिऑलॉजीच्या विभागांना पाठवा. सोबत तुमची ती रिकामी स्प्रेडशीटही जोडा, रकाने तयार असले की पुढचा माणूस त्याच दिवशी पहिली वस्तू भरायला घेतो.